वळणापर्यंत

तायडे सरांच्या शोकसभेत मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. अकोल्यातल्या त्या लहानशा सभागृहात मी मागच्या रांगेत बसलो होतो. माझं नाव पुकारलं, लोकांनी माना वळवल्या, आणि मी बसल्या जागेवरून हातानंच नाही म्हटलं. लोकांना वाटलं, गहिवरून आलं असेल. तसं काही नव्हतं. माझं त्यांच्याशी भांडण होतं, आणि ज्याच्याशी भांडण मिटलेलं नाही त्याच्याबद्दल चारचौघांत गोड बोलणं मला जमत नाही. माझा बाप अमरावतीच्या इतवारा बाजारात भाजी विकायचा. मी तिथंच वाढलो. जे बोलायचं ते तोंडावर बोलायचं, भाव तिथल्या तिथं तोडायचा, घरी जाताना मनात काही न्यायचं नाही, ही आमची शाळा. तायडे सरांच्या बाबतीत तेवढं जमलं नाही. बरंच मनात राहिलं.

माझी अमरावतीत राजापेठेत सॉफ्टवेअरची कंपनी आहे. आधी मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, मग कॉम्प्युटर विकले, मग दर्यापूरकडच्या जिनिंगवाल्यांना कापसाच्या वजनाचं सॉफ्टवेअर करून दिलं. हे सगळं कोणाच्या शिफारशीशिवाय. आता आमच्याकडे कोड लिहिण्याचं बरंच काम एआयचे एजंट करतात. एजंटला काम सांगायचं. तो स्वतः फाइल उघडतो, बदल करतो, चालवून पाहतो. पण आमच्या एजंटला एक खोड होती. एक ओळ बदलायला सांगितली की तो पूर्ण फाइल नव्यानं लिहायचा आणि लिहिता लिहिता भलतंच काहीतरी गाळून टाकायचा. नळाची तोटी बदलायला बोलावलेल्या माणसानं न्हाणीघर पाडून पुन्हा बांधावं, तसं. आमच्या ऋतुजानं, म्हणजे ऑफिसातल्या सगळ्यात हुशार पोरीनं, त्यावर एक टूल तयार केलं. एजंटनं फक्त जुना मजकूर आणि नवा मजकूर द्यायचा. टूल फाइलीत जुना मजकूर शोधतं आणि तिथं नवा बसवतं. बाकी कशालाही हात लावत नाही.

टूल चांगलं होतं. पण ते कसं वापरायचं हे एजंटला लिहून द्यावं लागतं. तो ते वाचतो आणि त्याबरहुकूम वागतो. आम्ही लिहिलेलं वाचून तो गोंधळ घालत होता. लिहिणारा माणूस पाहिजे होता. कोणीतरी तायडे सरांचं नाव सुचवलं. अकोल्याच्या एका खासगी कॉलेजात ते कॉम्प्युटर शिकवत; ती शाखाच बंद पडली होती.

मी फोनवर पत्ता सांगितला. राजापेठच्या स्टॉपवर उतरा, तिथून समोरच.

ते आले तेव्हा मी जेवायला निघालो होतो. उंच, हडकुळे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली, बुटांवर धूळ. दारात उभे राहून त्यांनी आधी मागं वळून जिना पाहिला, मग पाटी पाहिली, मग मला.

"गोपाल राऊत तुमीच काय?"

"हो. उशीर झाला सर."

"तुमचं समोर लय लांबलचक हाये राजा. तीन चौक पालथे घातले म्या."

"अहो, स्टॉपवरून समोरच तर आहे."

"स्टॉपवर उतरणाऱ्याचं तोंड कुठी असते? बसकडे. का पाठ असते? आधी त्याले उभं कसं राह्यचं ते सांगा, मंग समोर सांगा."

मुलाखत एवढीच झाली. मी पगाराचा आकडा मुद्दाम कमी सांगितला, ते वाढवायला सांगतील म्हणून. ते 'बरं' म्हणाले. मला वाईट वाटलं. भाव न करणाऱ्या माणसाचा मला भरवसा वाटत नाही. त्याच्या मनात काय आहे ते कळायला जागाच राहत नाही.

त्यांनी साईनगरात एक खोली घेतली आणि शनिवारी मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला जायचं ठरवलं. शर्टाच्या खिशात फुटाणे असत. विचार करताना एक एक तोंडात टाकत, आणि कोणी बोलायला आलं की चघळणं थांबवून आधी विचारत, "तू आत्ता कुठी हायेस?" म्हणजे कामाच्या कोणत्या टप्प्यावर आहेस. फोनवरही 'हॅलो' नाही, "बोला, कुठून बोलता?" ऋतुजाच्या आईनं एकदा फोन केला तर ती बिचारी म्हणाली, "घरून." सर म्हणाले, "घरात कुठून?"

एजंटला ते पाहुणा म्हणत. "हा पाहुणा दरवेळी नवा असते," ते सांगत. "काल आला होता, जेवला, झोपला, आज त्याले काईच आठवत नाई. त्याले रोज नव्यानं दाखवा लागते, पाणी कुठी, न्हाणी कुठी. आपुन त्याच्यावर चिडून काय फायदा?" लिखाण इंग्रजीत असायचं, पण सर प्रत्येक वाक्य आधी वऱ्हाडीत मोठ्यानं म्हणत, खोलीत फेऱ्या मारत, आणि मग बसून इंग्रजीत उतरवत. नव्यानं आलेल्या पोरांना ते कोणाशी तरी भांडताहेत असं वाटे.

एजंटसाठी आम्ही आधी लिहिलेल्या सूचनांच्या कागदावर एक वाक्य होतं: योग्य ठिकाणी सहज बदल करता येतो. त्यांनी ते ऋतुजाला मोठ्यानं वाचायला लावलं.

"योग्य म्हंजे कोणतं ठिकाण? तुह्या मामाचं गाव?"

"सर, म्हणजे जिथं बदल करायचा तिथं."

"अन् सहज कोणाले? तुले का त्याले?"

'योग्य' गेलं, 'सहज' गेलं. आठवडाभरात आमच्या कागदावर विशेषण म्हणून उरलं नाही. मी म्हटलं, सर, गिऱ्हाइकालाही हे दाखवायचं आहे, जरा सजवा. ते म्हणाले, पाटी सजवली म्हणून घर सापडत नाही.

टूलला जुना मजकूर फाइलीत सापडला नाही की ते एवढंच परत पाठवायचं: सापडला नाही. सरांना हे अगदी खपलं नाही. उठून दाराशी गेले आणि आम्हा सगळ्यांसमोर नक्कल करून दाखवली. बाहेरून टकटक. "तायडे राह्यतेत काय इथं?" मग आत येऊन, "नाई!" आणि धाडकन दार. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "आपल्या गावात कोणी असं दार लावते काय? नाई म्हणल्यावर दोन शब्द पुढं असतेत. इथं नाई, मांगच्या गल्लीत पाहा, पिठाच्या चक्कीजवळ इचारा." त्यानंतर टूलचा प्रत्येक नकार त्यांनी लिहून दिला. काय सापडलं नाही, त्याच्यासारखं काय सापडलं, आता काय कर. पाहुण्यानं उंबऱ्यावर उभं राहू नये.

पहिला मोठा घोटाळा झाला तो एका जिनिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. वजनाच्या हिशेबाची एक ओळ फाइलीत दोनदा होती, एक आवकेसाठी, एक जावकेसाठी. एजंटला आवकेची बदलायची होती, त्यानं जावकेची बदलली. मालकाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. सर शांतपणे फुटाणा चावत होते.

"त्याचा काय दोष? दोन घरांवर एकच पाटी हाये. पोस्टमननं काय करावं?"

"मग ओळीचा नंबर द्यायला सांगा ना."

"नंबरानं घर सापडते काय अमरावतीत?"

आमच्या कॉलनीत सतरा नंबरच्या शेजारी चार नंबर आहे. आणि कोडातही वर एक ओळ घातली की खालचे सगळे नंबर सरकतात. सरांनी लिहिलं: ओळ एकटी देऊ नको, तिचा शेजार दे. वरच्या दोन ओळी, खालच्या दोन ओळी. तेवढ्यानंही दोन जागा जुळत असतील तर टूलनं काही न करता थांबावं आणि एजंटला आणखी शेजार मागावा. ऋतुजानं टूल तसं बदललं. तो घोटाळा पुन्हा झाला नाही.

हे वाचून कोणाला वाटेल की माणूस कधी चुकत नव्हता. चुकायचे, आणि चुकले की असे वागायचे की जवळ जाऊ नये. 'बदलण्याआधी फाइल वाच' हे त्यांचं आवडतं वाक्य. एजंटनं ते पाळलं. एकदा वाचलं, मग त्या वाचण्याच्या भरवशावर एकामागून एक बदल करत गेला. पहिल्याच बदलानं फाइल बदलली होती, पुढचे सगळे चुकीचे बसले. ऋतुजानं हळूच दाखवलं. सर तिच्याशी दिवसभर बोलले नाहीत, डबा तसाच परत नेला. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या म्हणाले, "धारणीच्या रस्त्यावर पूल वाहून गेला तर कालचा नकाशा काय चाटाचा हाये? दर बदलानंतर फाइल नवीच समजायची. पुन्यांदा वाचायची." म्हणाले असे, की जणू चूक ऋतुजाची होती. ती हसली. मी असतो तर हसलो नसतो.

धारणीवरून आठवलं. आम्ही एकदा एका कामासाठी तिकडे निघालो होतो, माझ्या गाडीनं, मी, सर आणि ऋतुजा. घाटाआधी एका फाट्यावर मोटरसायकलवर एक कुटुंब उभं होतं, नवरा, बायको, मधे लहान मूल. नवऱ्यानं एका गावाचं नाव घेऊन रस्ता विचारला. सरांनी खिडकीतून सांगितला. मग म्हणाले, "थांब गोपाल." उतरले आणि त्या मोटरसायकलच्या पुढं पायी चालायला लागले. नवरा गाडी ढकलत मागं. वळणापर्यंत गेले, हात करून दाखवलं, मोटरसायकल गेली तरी हे तिथंच उभे. धूळ खाली बसली, तेव्हा परत आले.

मी भडकलो होतो. उशीर होत होता. "सांगून भागत नव्हतं काय सर?"

"सांगतलं थे त्याले समजलं का नाई, हे वळणावर कळते."

ऋतुजा मागून म्हणाली, "म्हणूनच सर एजंटला प्रत्येक वाक्य वाचायला देऊन तो काय करतो ते पाहतात. वाक्य लिहून थांबत नाहीत, वळणापर्यंत जातात."

सरांनी फुटाण्यांचा पुडा मागं तिच्याकडे दिला. तो पुडा ते कोणाला देत नसत.

आता भांडणाचं सांगतो.

पुण्याच्या एका कंपनीला आमचं टूल घ्यायचं होतं. तसं काम आम्हाला त्याआधी कधी मिळालं नव्हतं. राजापेठेतून निघून मोठी जागा घेता आली असती, पोरांना पुण्याला पळून जायची गरज पडली नसती. महिनाभर मी फोनवर भाव करत होतो आणि मला हवं तिथं आणलं होतं. त्यांचा एक साहेब स्वतः पाहायला येणार होता.

सरांनी कागदाचं पहिलं पान नव्यानं लिहिलं होतं. शीर्षक असं की, हे टूल कुठं चुकतं. दोन ठिकाणी सारखा शेजार असेल तर थांबतं. मोकळ्या जागा आणि टॅब वेगळे असतील तर ओळखत नाही. तू वाचल्यानंतर फाइल दुसऱ्या कोणी बदलली असेल तर त्याला कळत नाही. आणि शेवटी: जुळलं नाही तर अंदाजानं पुढं जाऊ नको, जिथून निघालास तिथं परत ये आणि पुन्हा वाच.

मी म्हटलं, "हे पान शेवटी टाका."

"पह्यलंच राह्यते हे."

"सर, आम्ही भाजीवाले आहोत. टोपलीत वर कोणतं वांगं ठेवायचं हे मला सांगू नका. किडकं वर ठेवून कोणी विकते काय?"

"तुह्यं गिऱ्हाईक डोळ्यानं पाह्यते, वरचं पाहून घेते. हा पाहुणा डोळ्यानं नाई पाह्यत. त्याच्या हाताले पह्यलं जे लागते, थेच त्याच्या ध्यानात राह्यते. मागचं थो इसरते. किडकं कोणतं हे त्याले आधीच सांगा लागते."

"पाहुण्याचं नंतर पाहू. आधी साहेब येऊन राहिला. काढा ते."

"नाई काढत," ते म्हणाले.

मी समजलो, रागात म्हणताहेत, काढतील. माझ्या ऑफिसात मी सांगितल्यावर होत नाही असं कधी झालं नव्हतं.

साहेब आला. चहा झाला, ऋतुजानं टूल चालवून दाखवलं, एजंटनं एकही चूक केली नाही. मग साहेबानं कागद उघडायला सांगितला. पडद्यावर पहिलं पान आलं. साहेबानं ते सगळं वाचलं, हसला, आणि म्हणाला, "तुम्ही प्रामाणिक आहात हो. पण इतकं चुकत असेल तर आम्ही जरा थांबतो." ते थांबणं अजून संपलेलं नाही.

त्याची गाडी गेली आणि मी सुरू झालो. सगळ्यांसमोर. "माझ्या पोराबाळांच्या तोंडचा घास तुम्ही काढला सर. महिनाभर मी एकेक पायरी चढवून आणलेला माणूस, तुम्ही एका पानात खाली ढकलला. साधा विचार नाही करता आला? एक पान मागं टाकलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"बिघडलं असतं," ते म्हणाले. "चार महिन्यांनी पुण्यात बिघडलं असतं. तवा तू इथं असता अन् पाहुणा तिथं, एकटा."

"गिऱ्हाईक कोण आहे सर? तो साहेब का तुमचा पाहुणा?"

"गिऱ्हाईक थो असंन. वाचणारा हा हाये. म्या वाचणाऱ्यासाठी लिहलं, शेठ."

शेठ ते फक्त रागात म्हणत. त्यांनी त्यांचा कप स्वतः धुतला, रोज धुवायचे तसा, पालथा ठेवला आणि गेले. सोमवारी आले नाहीत. मी फोन केला नाही. काहून करावा? नुकसान माझं झालं होतं.

ते गेल्यावर मी ते पान मागं टाकायला लावलं. ऋतुजानं तोंड वाकडं केलं, पण टाकलं. पंधरवड्यात एजंटनं तीन फाइलींचा नास केला, सगळ्या अंदाजानं पुढं जाऊन. मी कोणाला काही न सांगता एक दिवस म्हटलं, ते पान परत वर घे. ऋतुजानं फक्त "हो भाऊ" म्हटलं. आजही ते पहिलंच पान आहे. पान बरोबर होतं, हे खरं आहे. त्या पानानं माझं सगळ्यात मोठं काम गेलं, हेही खरं आहे. एकानं दुसरं फिटत नाही. कोणी मला म्हणालं की शेवटी सरच बरोबर होते, तर मी आजही भांडायला उठेन.

पण पान परत वर घेतलं, हे त्यांना सांगायला पाहिजे होतं. त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या हिशेबी त्यांचं लिहिलेलं मी फेकून दिलं होतं. इतकी मेहनत करून, वऱ्हाडीत ओरडून ओरडून लिहिलेलं. ही एक गोष्ट सांगायला मी वर्षभर कारण शोधत होतो. फोन उचलून सांगायचं तर ते विचारणार, "बोला, कुठून बोलता?" आणि मी काय सांगणार?

अकोल्याच्या एमआयडीसीत काम निघालं तेव्हा परत येताना मी गाडी त्यांच्या कॉलनीकडे वळवली. घर शोधावं लागलं नाही. चौकातच उभे होते, हातात मेथीची जुडी. मेथी पिवळी पडलेली होती. भाजीवाल्यानं गळ्यात मारली होती आणि यांनी भाव केलाच नव्हता, हे मला गाडीतूनच दिसलं. सर वाळले होते. शर्ट तोच, बाह्या मनगटापर्यंत, पण बटणापाशी मनगट सैल फिरत होतं. त्यांना बरं नव्हतं हे मला तेव्हा कोणी सांगितलेलं नव्हतं.

मी काच खाली केली. "सर."

ते जवळ आले. वाकून आधी गाडीत कोण कोण आहे ते पाहिलं. मी एकटाच होतो.

"कुठी चालला?"

मला म्हणायचं होतं, तुमच्याकडेच. तोंडातून निघालं, "अमरावतीचा रस्ता कोणता सर? इकडं सगळं नवीनच झालं."

त्या रस्त्यानं मी वर्षानुवर्षं ये-जा करतो, हे त्यांना माहीत होतं. ते हसतील असं वाटलं. हसले नाहीत. दोन पावलं मागं झाले आणि गाडीचं तोंड कुठं आहे ते पाहिलं.

"उलटा उभा हायेस. आधी वळव."

मी वळवली. मग त्यांनी रस्ता सांगितला. डावीकडे औषधाचं दुकान, त्याला लागून बंद पडलेली पिठाची चक्की, तिथून उजवीकडे, मग पूल, पुलाखालून नाही, वरून.

"सांग बरं आता तू."

मी पोरासारखं सगळं सांगून दाखवलं. एका ठिकाणी चुकलो, त्यांनी दुरुस्त केलं. पान वर घेतलं सर, एवढे चार शब्द मधे कुठंही बसले असते.

"चाल," ते म्हणाले आणि खिडकीच्या कडेवर हात ठेवून गाडीच्या बाजूनं चालायला लागले. मी पहिल्या गिअरमध्ये त्यांच्या चालीनं गाडी चालवत होतो. मागचे हॉर्न वाजवत होते. मी एरवी उतरून शिव्या दिल्या असत्या. चक्कीजवळच्या वळणावर त्यांनी खिडकीवरचा हात काढला आणि पुढं दाखवला.

"चुकला तर अंदाजानं पुढं जाऊ नको. इथंच परत ये. म्या हाये इथं."

मी वळलो. आरशात ते दिसत होते, मेथीची जुडी खाली धरलेली, मान थोडी पुढं काढून, मी नीट रस्त्याला लागलो का पाहत. धारणीच्या फाट्यावर उभे होते तसेच. पूल आला. मी वरून घेतला.

रस्ता त्यांनी बरोबर सांगितला होता. मी कुठंच चुकलो नाही, म्हणून परत जायला कारण उरलं नाही.